व इतर सदतीस

मैत्री लेआउट, नालवाडी, वर्धा
दि. ११ फेब्रुवारी २०२६

प्रिय सीता,

जय भीम. रूपाली, तुलेही जय भीम. तुझ्या सासूले माझं अक्षर कधी लागलं नाई, म्हणजे हे पत्र तूच वाचून दाखवशील. दवाखान्यात एकाच वार्डात मी सिस्टर अन् ती आया असताना मी लिहिलेली चिठ्ठी घेऊन ती दुसऱ्याच सिस्टरकडे जायची अन् "पाय वो बाई, काय लिवलं हे कौशल्याबाईनं" म्हणायची. तुम्ही दोघींनी माझा नंबर ब्लॉक केला. बरंच केलं. फोनवर मी पुन्हा गोड बोलून वेळ मारून नेली असती.

इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. थंडी गेली. नत्थूजीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन सेवाग्रामले झालं. आता त्यांना इतकं साफ दिसते, की रस्त्यानं कोण कोणाच्या घरी जाऊन राह्यलं हे गेटवर उभं राहून पाहतात. तुझ्या अंगणातला मुनगा फुलानं लदला आहे, शेंगा लय येतील. तुझ्या दाराले कुलूप आहे म्हणून मी भिंतीवरून पाइप टाकून त्याले पाणी देते. तू म्हणशील, झाडाची बरी काळजी आली. म्हण बाई. माझा अश्विन अन् सून मयुरी ठीक आहेत. माझे गुडघे तसेच आहेत. नाचणगावची भाड्याची खोली कशी आहे? पुलगाव जवळ पडते, तुझ्या अंकितले ड्युटीवर जायले सोपं, असं ऐकलं. खोलीत उजेड आहे का? तुले अंधारात जीव घाबरल्यासारखं होते, म्हणून इचारलं.

आधी कामाचं लिहिते, कारण कामाले तारीख आहे.

सरकारनं विकास आराखडा मंजूर केला, हे तुम्हाले माहीत आहे. पण आपल्या भागाचा तुकडा त्यातून बाजूला ठेवला आहे. तुझ्या घरावरून जाणाऱ्या त्या अठरा मीटरच्या रस्त्याचा निकाल अजून लागला नाई. त्या तुकड्यावर नव्यानं हरकती मागवल्या आहेत, अन् नागपूरचा मोठा अधिकारी सुनावणी घेणार आहे. हरकत द्यायची शेवटची तारीख २७ फेब्रुवारी. म्हणजे तुझं घर अजून गेलं नाई, सीता. भिंतीवर लाल बाण मारला आहे खरा, मोजणीवाल्याले बाण मारायले काय जाते! पण जोवर शेवटची सही होत नाई तोवर तो नुसता रंग आहे.

पाकिटात तुझ्या नावाचा अर्ज ठेवला आहे. मी लिहिला, तू फक्त खाली सही करायची. सातबारा, लेआउटचा नकाशा, घरटॅक्सची पावती यांच्या झेरॉक्स अंकितनं जोडाव्या अन् स्वतः ऑफिसात जाऊन पोच घ्यावी. पोस्टानं पाठवू नये. पोचेवर शिक्का आहे की नाई ते पाहावं. अन् हा अर्ज फक्त तुझ्या एकटीच्या नावाचा आहे. यावेळी एका कागदावर सगळ्यांनी सह्या करायच्या नाईत. एक घर, एक अर्ज, एक नोटीस.

रूपाली, तू इथं नाक मुरडलं असशील. आता शहाणपण सुचलं म्हातारीले, असं. मुरड. मी तुझ्या जागी असती तर पत्र इथंच फाडलं असतं. पण अर्ज फाडू नको, अन् पुढचंही वाच. पुढचं तुले माहितीच्या अधिकारात मिळालं नाई.

तुले ऑफिसातून जे कागद मिळाले ते तू विहारात सगळ्यांपुढे वाचून दाखवले. "हरकत क्रमांक २१४. कौशल्याबाई थूल व इतर सदतीस. नोटीस पोहोचली, सही आहे. सुनावणीस हरकतदार अनुपस्थित. हरकत अमान्य." त्याच्या आधी वर्षभर मी सगळ्यांना सांगत होती की नोटीस आलीच नाई. अन् माझ्या सहीची पोच तू नाकापुढे धरली तेव्हा मी म्हणली की आलती, पण मी तापानं फणफणत होती, कागद उशीखाली राहून गेला. म्हातारी बाई, एकटी, ताप. लोकांनी मान डोलावली. तू नाई डोलावली. अन् सीता, तू माझ्याकडे पाह्यलं अन् उठून गेली. चौथ्या दिवशी टेम्पो बोलावून सामान भरलं अन् मले सांगतलंही नाई.

म्हणून आता लिहिते. पण मले सुरुवातीपासून लिहावं लागेल, नाईतर मधूनच मी पुन्हा पळ काढीन.

आराखड्याचा पहिला नकाशा लागला तेव्हा आपण दोघी पाह्यले गेलतो. तुले नकाशा समजत नव्हता. मी बोट ठेवून सांगतलं, हे विहार, हे नत्थूजी, हे तुझं अन् हे माझं. दोन पिवळ्या रेघा तुझ्या घरातून जात होत्या. तुझ्या ओळीतली अकरा घरं रस्त्यात. तू म्हणली, "म्हंजे माह्या घरातून बस जाईन का वो?" अन् हसली. ऑफिसातला बाबूही हसला. नाल्याच्या कडेनं एवढी रिकामी जागा पडली आहे, रस्ता तिकडून नेला तर कोणाचं काय बिघडते, हे तिथं उभ्या उभ्या मीच बोलली. लेआउटची हरकत तयार झाली ती त्या एका वाक्यातून.

मग विहारात बैठक झाली. मी मजकूर लिहिला, झकास लिहिला, आजही तसा वकील लिहिणार नाई. सह्यांची वेळ आली तेव्हा नत्थूजी उभे राह्यले अन् म्हणाले, "पहिली सही सिस्टरची. मान तिचा. ह्या लेआउटातल्या अर्ध्या पोरांच्या नाळी तिनं कापल्या." आपल्यात रीतच आहे ती. पत्रिका असो, वर्गणीची यादी असो की पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज, वडीलधाऱ्याचं नाव वर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवली. मले लय बरं वाटलं, लपवत नाई. मी रुबाबात सही केली, त्याखाली 'सेवानिवृत्त परिचारिका' असंही लिहिलं.

ऑफिसची रीत वेगळी होती, ते आपल्याले कोणी सांगतलं नाई अन् आपण कोणाले इचारलं नाई. अडतीस सह्या असो की अडतीसशे, एका कागदावर आल्या की त्यांच्या रजिस्टरात ती एकच हरकत. नोटीस एक, अन् ती जाते पहिल्या सहीवाल्याच्या पत्त्यावर. बाकीचे 'व इतर'. त्यांना कोणी कळवत नाई. मान द्यायच्या नादात तुम्ही सदतीस घरं माझ्या एकटीच्या हाती दिली.

नोटीस २० मेले आली. सुनावणी ३ जूनले. म्हणजे पंधरा दिवस ती माझ्या घरी होती. त्या पंधरा दिवसांत तू रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाले येत होती.

त्या नोटिशीत खाली एक ओळ होती. "सुनावणीस येताना मालकी हक्काची कागदपत्रे व मंजूर बांधकाम नकाशाची प्रत सोबत आणावी." बस. तेवढीच ओळ. मी ती दहा वेळा वाचली असेल.

मंजूर नकाशा माझ्याकडे आहे, पण खालच्या दोन खोल्यांचा. वरचा मजला कोणत्याच नकाशात नाई. अश्विनचं लग्न ठरलं तेव्हा मयुरीच्या बापानं स्पष्ट सांगतलं होतं, पोरगी वेगळ्या खोलीत नांदली पाहिजे. परवानगीले गेली तर इंजिनियर म्हणाला, साइडची जागा सोडावी लागते, जिना बसत नाई, नकाशा मंजूर होणार नाई. मी म्हणली, नाई तर नाई. बिगर परवानगीनं बांधलं. अन् जिना कुठं काढला ते सीतेले सांगायले नको. तुझ्या भिंतीले लावून. मध्ये पाच फूट मोकळं सोडायचं होतं, मी पाच इंचही सोडलं नाई.

तुले इचारायले आलती तेव्हा माझी जीभ उचलत नव्हती. तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी बंद होणार होती. तू भाकर थापत होती. वर पाह्यलंही नाई. म्हणली, "बांध वो बाई, खिडकीले काय घेऊन बसली? सून तं येईन घरात. मी दिवा लावून सैपाक करीन." तेव्हापासून तुझ्या स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा लागते. अन् मी पत्राच्या सुरुवातीले तुले इचारते, खोलीत उजेड आहे का. माझी मले लाज वाटली, पण खोडत नाई, राहू दे.

अन् मी कोण? जी साऱ्या लेआउटले कायदा शिकवत फिरायची ती. कोणी कंपाउंडची भिंत फूटभर बाहेर घेतली तर टेप घेऊन जाणारी मी. ओमप्रकाशनं दुकानापुढे टिनाचं शेड काढलं तेव्हा, "रस्ता तुझ्या बापाचा आहे का" म्हणून भर चौकात त्याले बोलली होती. त्यानं बिचाऱ्यानं शेड काढून टाकलं. नाकानं कांदे सोलणं म्हणतात ते हेच.

पंधरा दिवस मी ठरवत होती. एखाद्या दिवशी वाटे, नोटीस नत्थूजीच्या हाती द्यावी अन् मोकळं व्हावं. पण मग ते म्हणतील, सिस्टर, चला, तुम्हीच बोला, तुमचा नकाशा घ्या. दुसऱ्या दिवशी वाटे, तुले सांगावं. तू एका शब्दानं मले दोष दिला नसता, हे मले माहीत होतं. म्हणूनच सांगतलं नाई. काऊन ते मले नीट लिहिता येत नाई. तू रागावणारी असती तर सोपं गेलं असतं.

आता जे लिहिते ते अश्विनलेही माहीत नाई.

मी सुनावणीले गेलती, सीता.

रूपाली, थांबू नको. वाच.

३ जूनले सकाळी दहाले मी पांढरी साडी नेसली, डोक्याले ओला दुपट्टा बांधला, ऊन लागू नये म्हणून पिशवीत कांदा टाकला अन् ऑटोनं गेली. जाताना मनात पक्कं होतं की बोलायचं. जे होईल ते होईल. ऑफिसच्या व्हरांड्यात बाक टाकले होते, कूलर लावला होता. पन्नास-साठ लोक. शिपाई एक-एक नंबर पुकारून राह्यला होता. अकरा वाजले, बारा वाजले. माझ्या शेजारी एक माणूस बसला होता, दुसऱ्या कोणत्या लेआउटातला, किराणावाला. त्याच्या घरापुढे बगिच्याचं आरक्षण पडलं होतं. मोठ्या तावातावानं बोलत होता, "मी सोडत नाई आज या लोकायले." दोनशे अकरा नंबर त्याचा. आत गेला. दहा मिनिटांनी बाहेर आला तो घाम पुसत. म्हणे, "बाई, हरकत राह्यली बाजूले. माह्याच दुकानाचा नकाशा मांगतला. नाई म्हणलं तं म्हणे, तुमच्यावर वेगळी नोटीस काढावी लागेल." हात दाखवून अवलक्षण. मी नर्स आहे, मी त्याले पाणी दिलं, बसायले सांगतलं, नाडी पाह्यली. अन् त्याची नाडी पाहता पाहता माझी कुठं गेली ते मले कळलं नाई.

"दोनशे चौदा! कौशल्याबाई थूल व इतर सदतीस!"

मी ऐकलं. साफ ऐकलं.

"कौशल्याबाई थूल व इतर सदतीस! आहेत का कोणी?"

पिशवी मांडीवर होती. त्यात नोटीस होती, आपली हरकत होती, नाल्याच्या जागेचा मी हातानं काढलेला नकाशा होता. उठायचं होतं फक्त. दारापर्यंत आठ-दहा पावलं. तिसऱ्यांदा पुकारा झाला तेव्हा शिपाई बाहेर येऊन सगळीकडे पाहू लागला. माझ्यापुढे थांबला. म्हणाला, "आजी, तुमचा नंबर कोणता?"

मी म्हणली, "माझं दुसरं काम आहे."

तो भला माणूस होता. म्हणाला, "मंग बसा इथंच कूलरजवळ, बाहेर लय ऊन आहे." अन् आत जाऊन म्हणाला, "गैरहजर, साहेब." तेही मले ऐकू आलं.

मी बसली. आणखी अर्धा तास त्या कूलरजवळ बसून राह्यली, थंड हवा खात. तुमच्या अकरा घरांचा निकाल लागला होता अन् मी हवा खात होती.

ऑटो मिळाली नाई म्हणून भर उन्हात अर्ध्या रस्त्यापर्यंत पायी आली. तू गेटवर उभी होती. एरवी मी तुझ्या अंगावर ओरडायची, तुले सवय होती त्याची, पण त्या दिवशी तू ओरडली, "कुठी गेलतीस मरायले एवढ्या उन्हात?" मी म्हणली, पेन्शनच्या कामाले, बँकेत. तू मले घरात नेलं, पायावर पाणी टाकलं, कैरीचं पन्हं करून पाजलं. रात्री ताप चढला. तीन दिवस उतरला नाई. तू रात्रभर माझ्या कपाळावर घड्या ठेवल्या. म्हणजे ताप आलता हे खरं आहे. फक्त तो सुनावणीच्या आधी आला नाई, नंतर आला. खोटं बोलणारी माणसं अशीच असतात, घरातलाच खरा तुकडा घेतात अन् तो दुसऱ्या जागी बसवतात.

अजून एक राह्यलं. तेही लिहून टाकते, आता मागे ठेवून काय करू?

तुझं घर रस्त्यात गेलं की माझं घर रस्त्यावर येते. रोड टच. अश्विन एकदा जेवताना बोलला, खालच्या खोलीले शटर लावता येईल. मी त्याच्यावर ताट फेकायच्या बेतात होती. पण बाकावर बसली होती तेव्हा ते माझ्या मनात होतं का? 'नव्हतं' असं लिहायले मी पेन उचललं होतं. होतं, सीता. भेव मोठं होतं, ते थोडंसं होतं, पण होतं. डाळीत खडा असावा तेवढं.

आता सध्याचं. नव्या हरकतीची जाहिरात पेपरात आली तेव्हा मी त्याच दिवशी लिहायले बसली. सदतीस घरांचे सदतीस वेगळे अर्ज, हातानं. बोटं सुजली. मग एक-एक दारात जाऊन दिले. कोणी आत ये म्हणलं नाई. ओमप्रकाशनं गेटमधून हात काढून कागद घेतला अन् म्हणाला, "सिस्टर, शेड काढलं होतं बरं का मी." एवढंच. काल नत्थूजींनी अर्ज घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला अन् म्हणाले, "मजकूर चांगला आहे." मान वगैरे काही बोलले नाईत. छत्तीस घरं झाली. तुझं एक राह्यलं, ते पाकिटात आहे.

पण नुसत्या अर्जानं भागत नाई. नत्थूजींनी आधीच एका वकिलाले इचारलं होतं. तो म्हणाला, जुन्या फायलीत लिहिलं आहे की तुम्हाले संधी दिली होती, तुम्ही आले नाईत. नागपूरचा साहेब तेच पान उघडेल. ते पान खोडायचं असेल तर पहिल्या सहीवाल्या बाईनं प्रतिज्ञापत्र द्यावं की नोटीस मिळाली, मी बाकीच्यांना सांगतलं नाई, मी हजर असून उत्तर दिलं नाई, म्हणून या अकरा घरांचं म्हणणं कोणी ऐकलंच नाई. हजर असल्याचं वकिलाले माहीत नाई, तेवढं मी माझ्याकडून जोडलं. पण लिहायचं तर पूर्ण लिहावं लागेल. अन् 'काऊन' ते इचारल्याशिवाय साहेब राहणार नाई, अन् मग वरचा मजला, जिना, सगळं निघेल.

मी अश्विनले अर्धंच सांगतलं, नोटिशीचं अन् प्रतिज्ञापत्राचं. तो ओरडला नाई. शांतपणे म्हणाला, "आई, सीतामावशीचं घर तर गेलंच आहे. आपलं कायले घालवतेस?" मयुरी जिन्यावर उभी राहून ऐकत होती. त्या दिवसापासून ती पोराले माझ्याजवळ झोपायले पाठवत नाई. त्यांचंही काही चुकलं असं मले वाटत नाई. घर त्यांचंच जाणार आहे, मी किती दिवसांची? मीच वाढवलं आहे त्याले, मी जे केलं तेच तो बोलला.

प्रतिज्ञापत्र मी स्वतः लिहून काढलं आहे. दोन पानं. कचेरीजवळ टेबल मांडून बसणाऱ्या नोटरीपुढे सही करायची असते. मागच्या सोमवारी मी गेली. रांग होती. बाकावर बसली. नंबर आला तेव्हा त्याले म्हणली, आधार कार्ड घरी राह्यलं. कार्ड पिशवीत होतं. गुरुवारी पुन्हा गेली. तेव्हा तर काही कारणही सांगतलं नाई, उठली अन् घरी आली. वाटेत भाजी घेतली. मेथी, वांगी, पावशेर टमाटर. भाव करून घेतली.

म्हणून हे पत्र. मी क्षमा मागत नाई. तू करशील, तुझी सवयच आहे ती, अन् तू केली की मी मोकळी होईन अन् पुन्हा कधी कचेरीत जाणार नाई. मले मी आता चांगली माहीत झाली आहे. वार्डात बाईले कळा येऊन राह्यल्या असल्या अन् ती जोर लावत नसली की आपण काय करायचो? गोड बोलायचो का? तू एका बाजूनं धरायची, मी दुसऱ्या बाजूनं, अन् दम देऊन तिच्याकडून करून घ्यायचो.

अंकितले पाठव. कोणत्याही कामाच्या दिवशी, २७ तारखेच्या आत, सकाळी अकराले. त्यानं घरात येऊ नये, चहा घेऊ नये, माझ्याशी बोलू नये. बाहेर गाडी उभी करून हॉर्न वाजवावा. कचेरीत माझ्या शेजारी बसावं अन् नंबर आला की दंडाले धरून मले उभं करावं. जोरानं धरावं. रूपाली, तू आली तरी चालेल. तू तर सोडणारच नाईस.

अन् कोणी आलं नाई तर काय होईल तेही सांगते. अकरा वाजतील, साडेअकरा वाजतील, मग दुपार होईल. वाट पाहाले दारात मांडलेली खुर्ची मी आत घेईन अन् मले बरं वाटेल, सीता. एवढं सगळं लिहूनही मले बरं वाटेल. तेवढं मले वाटू देऊ नको.

कौशल्या